"नो बूटेबल डिव्हाइस" : पडद्यावरच्या एका ओळीचा चाळीस वर्षांचा इतिहास

आजच्या धाग्यात ना किल्ला आहे, ना ताम्रपट. आजचा आपला पुरावा म्हणजे काळ्या पडद्यावर उमटणारी एक पांढरी ओळ : "नो बूटेबल डिव्हाइस".

समजा, झरी जामणी तालुक्यातील मुकुटबनच्या एका घरी दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे. घरातला तो एकमेव संगणक. त्यातील विंडोज बिघडले आहे आणि शेतीची कागदपत्रे, मुलीचा अभ्यास, लग्नाची छायाचित्रे असे सारे आत अडकून पडले आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर, दुरुस्तीचे मोठे दुकान म्हटले की वणीची नाहीतर पांढरकवड्याची वाट धरावी लागते. कोणीतरी एक डिस्क दिली : "ही घाल, चालू कर, आपोआप होईल." डिस्क घातली. ती आत फिरली, घरघरली, दिवा लुकलुकला आणि मग ती ओळ उमटली.

डिस्क तर आत आहे. मग यंत्र "साधन नाही" असे का म्हणते? या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञ यादी करून देतील. आपण इतिहासाचे विद्यार्थी. आपण थर उकरू. कारण हे यंत्र ज्या ज्या कारणांनी नकार देते, त्यातील प्रत्येक कारण एका वेगळ्या काळात जन्मले आहे.

सगळ्यात खालचा थर १९८१ चा. त्या वर्षीच्या १२ ऑगस्टला आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' जाहीर केला. संगणकापुढे मुळातच एक तार्किक पेच असतो. डिस्कवरील प्रणाली स्मृतीत आणायची तर ती आणणारा एक प्रोग्रॅम आधी चालू असावा लागतो. आणि प्रोग्रॅम तर डिस्कवरच आहे! कितीही कुशल डोंबारी असला तरी तो स्वतःच्याच खांद्यावर चढू शकत नाही, असा दृष्टान्त आपल्या दर्शनग्रंथांत येतो. संगणकाकडून नेमकी हीच अपेक्षा असते. इंग्रजीत त्यासाठी स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला उचलण्याची कल्पना रूढ होती. 'बूट होणे' हा शब्द तिथून आला.

आयबीएमने हा पेच सोडवला तो मुख्य पटलावरील एका चिपमध्ये छोटासा कायमचा प्रोग्रॅम कोरून. त्याचे नाव बायोस. बायोस फार थोडे जाणतो. तो अवयवांची तपासणी करतो, मग डिस्कचा पहिला खंड, म्हणजे केवळ ५१२ बाइट, स्मृतीत आणतो आणि "पुढचे तू बघ" म्हणून बाजूला होतो. पुढे एक प्रघात पक्का झाला : त्या ५१२ बाइटांच्या शेवटी '५५ एए' ही खूण असेल तरच तो खंड आरंभयोग्य मानायचा. राजपत्राखाली मोर्तब असावे, तशीच ही दोन बाइटांची मुद्रा. ती सापडली नाही की यंत्र सांगते, आरंभयोग्य साधन नाही. म्हणजे "डिस्क नाही" असे यंत्र म्हणतच नसते. "मोर्तब असलेला कागद सापडला नाही" एवढेच त्याचे म्हणणे असते. हा भेद नीट ध्यानात ठेवा, पुढे तोच कामी येणार आहे.

त्या काळी हार्ड डिस्क ही चैन होती. म्हणून यंत्र प्रथम 'ए' ड्राइव्हमधील फ्लॉपी पाही, ती नसल्यास हार्ड डिस्क. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात दोन्ही नसले तरी चिपमध्ये कोरलेली बेसिक भाषा सुरू होई. आजचा लॅपटॉप इतका उदार नाही.

दुसरा थर रोगराईचा आहे, आणि इथे आपण लाहोरहून थेट पुण्यात येतो.

१९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पीसीवरील पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीच्या त्याच पहिल्या खंडात बसत असे आणि त्याच्या मजकुरात कर्त्यांनी स्वतःचे नाव-पत्ताही घातला होता. १९९१ मध्ये सापडलेला 'मायकेलअँजेलो' मात्र अधिक घातक होता. ६ मार्च, म्हणजे त्या शिल्पकाराचा जन्मदिवस, या तारखेला बाधित यंत्र सुरू केले की तो डिस्कवरील मजकुरावर निरर्थक मजकूर लिहून टाकी. १९९२ च्या मार्चमध्ये लाखो संगणक बंद पडतील अशी भाकिते जगभर छापली गेली; प्रत्यक्षात हानी त्या मानाने फारच थोडी झाली.

पण त्याच्या प्रसाराची रीत समजून घेण्यासारखी आहे. समजा, कोणी केवळ एक पत्र साठवलेली फ्लॉपी संगणकात विसरला आणि दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केले. यंत्र सवयीप्रमाणे आधी फ्लॉपी पाहणार. "ही प्रणालीची डिस्क नाही" असा संदेश येणार. माणूस फ्लॉपी काढून टाकणार आणि काम सुरू करणार. मात्र तो संदेश दाखवणारा इवलासा प्रोग्रॅमही त्याच पहिल्या खंडात राहत असे. विषाणू त्याच्या आधी चालून, हार्ड डिस्कमध्ये शिरून मोकळा झालेला असे. दाराशी कोणी नाही असे पाहून आपण परत फिरावे आणि चोर तोवर खिडकीतून आत आलेला असावा, तसा हा प्रकार.

याच काळात मूळचे सातारा जिल्ह्यातील कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर व तत्सम यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय करत होते. शिक्षण दहावीपर्यंत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत बिघाडापेक्षा बाधाच अधिक, हे त्यांच्या ध्यानात आले. धाकटे बंधू संजय पुण्यात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी मायकेलअँजेलोसारख्या विषाणूंवर उतारा लिहिला. १९९३ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' आणि १९९५ मध्ये 'क्विक हील'. २००७ साली कंपनीने उत्पादनाचेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये ती भांडवल बाजारात आली. भारतातील सॉफ्टवेअर उद्योगाची कहाणी सांगताना आपण बहुधा परदेशी कंत्राटांपासून सुरुवात करतो. मला मात्र दुरुस्तीच्या टेबलावर, न सुरू होणाऱ्या यंत्रातून जन्मलेला हा उद्योग अधिक बोलका वाटतो.

गंमत अशी की, या रोगाचा उपचारही फ्लॉपीच होता. बाधित हार्ड डिस्कवरून यंत्र सुरू केले तर विषाणू आधीच स्मृतीत ठाण मांडून बसे. म्हणून लेखनबंदी केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून यंत्र सुरू करायचे आणि मग सफाई करायची. पुन्हा बाधा होऊ नये म्हणून जाणकार सल्ला देऊ लागले : बायोसमध्ये जाऊन क्रम पालटा, आधी 'सी', मग 'ए'. काही बायोसांत तर आरंभखंडावर लिहायलाच मज्जाव करणारी तजवीज आली.

मुकुटबनच्या लॅपटॉपने डिस्ककडे ढुंकूनही न पाहण्याचे पहिले संभाव्य कारण हेच. त्याच्या क्रमात हार्ड डिस्क अग्रभागी आहे. यंत्र सुरू होताच एफ२ किंवा डिलीट (कंपनीगणिक कळ वेगळी) दाबून क्रम बदलता येतो. एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी एखादी कळ बहुधा एकवेळची निवडसूची दाखवते, आणि ती वापरणे अधिक शहाणपणाचे, कारण त्यात कायमचे काही बदलत नाही. जुन्या यंत्रात आणखी एक घोडे पेंड खाते. या मांडण्या जतन करणारी नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. मग आज बदललेला क्रम वीज तुटली की उद्या पूर्ववत.

तिसरा थर सीडीचा. १९८५ च्या अखेरीस अमेरिकेतील टाहो सरोवराकाठच्या 'हाय सिएरा' हॉटेलात काही कंपन्यांचे प्रतिनिधी जमले आणि सीडीवर फायली कशा मांडायच्या याचा मसुदा ठरू लागला. १९८८ मध्ये त्यातून 'आयएसओ ९६६०' हे प्रमाण सिद्ध झाले. सीडीवर आता सुमारे ६५० एमबी मजकूर मावत होता, फ्लॉपीवर दीड एमबीही नाही. तरी एक गोष्ट राहून गेली होती : सीडीवरून यंत्र सुरू कसे करायचे, हे प्रमाणात नव्हतेच. त्यामुळे विंडोज ९५ च्या सीडीसोबत आरंभाची फ्लॉपी लागे. किल्ल्या आतल्या कपाटात आणि दार बाहेरून बंद, असा तो संसार होता.

ती उणीव भरून निघाली २५ जानेवारी १९९५ रोजी प्रसिद्ध झालेल्या एका छोटेखानी दस्तऐवजाने. कर्ते होते फिनिक्स या बायोस बनवणाऱ्या कंपनीचे कर्टिस स्टीव्हन्स आणि आयबीएमचे स्टॅन मर्किन. ज्या मेक्सिकन उपाहारगृहात ही कल्पना आकाराला आली त्याचेच नाव त्यांनी तिला दिले : 'एल टोरिटो'. एक प्रमाण हॉटेलच्या नावाने, दुसरे खानावळीच्या. संगणकाच्या इतिहासात अन्नाचे ऋण मानायची प्रथा चांगली आहे!

त्यांची युक्ती साधी होती. आयएसओ ९६६० मध्ये २०४८ बाइटांचे खंड असतात; शून्यापासून मोजता पंधरापर्यंतचे खंड रिकामे सोडलेले, सोळाव्यात डिस्कची मुख्य माहिती. स्टीव्हन्स-मर्किन यांनी सतराव्या खंडात एक निर्देशपत्र ठेवले. ते एका सूचीकडे बोट दाखवते, त्या सूचीत तीच '५५ एए' ही मुद्रा असते आणि सूची सांगते की आरंभाचा प्रोग्रॅम अमुक जागी आहे. जुन्या प्रणाली गोंधळू नयेत म्हणून सीडीच्या त्या भागाला फ्लॉपीचे सोंगही देता येई.

आता मघाचा भेद आठवा. आंतरजालावरून उतरवलेली आयएसओ फाइल जर कोणी एखाद्या गाण्याप्रमाणे डिस्कवर नुसती नक्कल केली, तर डिस्कवर एक भलीमोठी फाइल राहील. सतराव्या खंडात निर्देशपत्र असणार नाही. तसेच एखाद्या चांगल्या डिस्कमधील सगळ्या फायली काढून दुसऱ्या डिस्कवर टाकल्या, तरी निर्देशपत्र मागेच राहते, कारण ते फायलींच्या यादीत नसतेच. डिस्क उघडते, फायली दिसतात, पण यंत्र सुरू होत नाही. माझ्या मते घरगुती डिस्क न चालण्याचे हे सर्वांत फसवे कारण आहे, कारण डोळ्यांना सारे ठीक दिसते. कसोटी सोपी : डिस्क दुसऱ्या संगणकात उघडा. आत एकच आयएसओ फाइल दिसली तर ती नक्कल आहे. 'बर्न इमेज' हा पर्याय वापरून नवी डिस्क लिहावी लागेल.

या थराशी आपल्या प्रदेशाचा धागा जुळतो तो बेळगावमार्गे. बर्लिनमध्ये जन्मलेले, बेळगावात शिकलेले आणि बंगळुरूत स्थिरावलेले अतुल चिटणीस यांनी १९९६ च्या सुमारास 'पीसीक्वेस्ट' मासिकाच्या माध्यमातून लिनक्सचा पुरस्कार सुरू केला. मासिकासोबत सीडी येऊ लागली. इंटरनेट म्हणजे दूरध्वनीच्या तारेवरून मिनिटागणिक पैसे मोजण्याची बाब होती, तेव्हा संपूर्ण प्रणाली मासिकाच्या किमतीत हाती पडणे ही मोठी गोष्ट. २००० च्या सुमारास जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी 'नॉपिक्स' आणले : हार्ड डिस्कला हात न लावता थेट सीडीवरून चालणारी संपूर्ण प्रणाली. २००४ मध्ये उबुंटू आले, आणि त्यांनी तर मागेल त्याला जगात कोठेही टपालाने फुकट सीडी पाठवण्याचा उपक्रम चालवला. २०११ पर्यंत तो टिकला. २००७ मध्ये सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय भाषांना, मराठीलाही, सामावून घेणारी लिनक्स प्रणाली प्रसृत केली.

'लाइव्ह सीडी' या प्रकाराचे मोल आपल्या मुकुटबनच्या घराला विचारा. विंडोज पुन्हा बसवणारी डिस्क घाईत चुकीचा पर्याय निवडल्यास हार्ड डिस्क पुसून टाकू शकते. लाइव्ह डिस्क मात्र स्मृतीत चालते. "ट्राय" म्हणजे "वापरून पाहा" हा पर्याय निवडला की जुन्या फायली उघडून पेन ड्राइव्हवर सुखरूप काढता येतात. आधी माणसे बाहेर, मग भिंतीची डागडुजी. डिस्क देणारा "आपोआप होईल" म्हणतो तेव्हा काय आपोआप होणार, हे विचारून घ्यावे.

चौथ्या थरात इतिहासापेक्षा रसायन अधिक आहे. कारखान्यात छापलेल्या डिस्कवर खड्डे असतात. घरी लिहिलेल्या डिस्कवर सेंद्रिय रंगाचा थर लेसरने जाळलेला असतो. हा रंग ऊन आणि उष्णता यांनी विटतो. विदर्भाचा उन्हाळा, पत्र्याचे छप्पर, खिडकीत ठेवलेली डिस्क : आणखी सांगायला नको. त्यात धूळ आणि कापसाचे तंतू लेसरच्या भिंगावर बसतात. शिवाय फार वेगाने लिहिलेली डिस्क जुन्या, थकलेल्या ड्राइव्हला वाचवत नाही. म्हणून मंद वेगाने लिहावे. आणि कित्येक जुने ड्राइव्ह केवळ सीडी वाचतात, डीव्हीडी नाही. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या उबुंटूच्या आवृत्तीने सीडीची ७०० एमबीची मर्यादा ओलांडली, तेव्हा अशी यंत्रे एका रात्रीत मागे पडली.

सर्वांत वरचा थर सर्वाधिक वादग्रस्त आहे.

१९८१ चा बायोस किती काळ पुरणार? नव्वदच्या दशकात इंटेलने आपल्या नव्या प्रोसेसरसाठी वेगळी व्यवस्था आखली. २००५ मध्ये तिच्यासाठी उद्योगसंघ स्थापन होऊन ती 'यूईएफआय' या नावाने सार्वत्रिक झाली. यूईएफआय पहिला खंड वाचून बाजूला होत नाही. ते फायली ओळखते आणि डिस्कवर 'ईएफआय' नावाच्या फोल्डरात ठरावीक नावाचा प्रोग्रॅम शोधते. एल टोरिटोच्या सूचीतच यूईएफआयसाठी वेगळी नोंद करण्याची सोय झाली. ज्या डिस्कवर अशी नोंद नाही, उदाहरणार्थ विंडोज ७ ची ३२ बिटांची डीव्हीडी, ती शुद्ध यूईएफआय यंत्राला दिसतच नाही. डिस्कही खरी, यंत्रही धडधाकट; दोघांची लिपी मात्र वेगळी. मोडीतला कागद केवळ देवनागरी वाचणाऱ्यापुढे ठेवावा, तसे. यावर तोडगा म्हणून अनेक लॅपटॉपांत 'लेगसी' नावाची जुनी वाट ठेवली गेली. २०१७ मध्ये इंटेलने २०२० पर्यंत ती वाट बंद करण्याचा मनोदय जाहीर केला.

आणि मग 'सिक्युअर बूट'. ज्याच्यावर विश्वसनीय स्वाक्षरी आहे तोच आरंभप्रोग्रॅम चालू द्यायचा, अशी ही पद्धत. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत विकल्या जाणाऱ्या यंत्रांवर ती चालू असणे मायक्रोसॉफ्टने आवश्यक केले. हेतू निराधार नव्हता. ब्रेन आणि मायकेलअँजेलो यांचे वंशज आरंभखंडातच लपत होते. पण प्रश्न उरतो : विश्वसनीय कोण, हे ठरवणार कोण? मुक्त सॉफ्टवेअरच्या पुरस्कर्त्यांनी २०११ पासूनच आक्षेप घेतला की, ज्याने यंत्र विकत घेतले त्याच्याच हातून पहिली किल्ली काढून घेतली जात आहे. तडजोड अशी झाली की इंटेल पद्धतीच्या विंडोज ८ यंत्रांवर मालकाला ही व्यवस्था बंद करता यावी, आणि मोठ्या लिनक्स वितरणांनी मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला एक छोटा मध्यस्थ प्रोग्रॅम वापरावा. एआरएम प्रोसेसरच्या विंडोज यंत्रांना मात्र ही मुभा मिळाली नाही.

या वादाची पूर्वछाया महाराष्ट्राने आधीच पाहिली होती. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या जागतिक प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपला डिस्क ड्राइव्हच नव्हता. त्याच्या रचनेत चोरीला आळा बसावा म्हणून अशी तरतूद होती की स्वाक्षरी नसलेली प्रणाली चालवायची तर आधी 'डेव्हलपर की' मागवावी लागे. प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा, मुलांनी यंत्र उघडून शिकावे असा आग्रह धरणारा, आणि तरीही पहिल्या दारावर कुलूप. मला हा विरोधाभास दोषापेक्षा प्रामाणिक पेच वाटतो : चोराला अडवणारे कुलूप जिज्ञासू मुलालाही अडवते.

मुकुटबनला परत येऊ. त्या लॅपटॉपसमोर बसलेल्याने थर वरून खाली उकरावेत की खालून वर? मी आधी डिस्क दुसऱ्या यंत्रात घालून पाहीन. तिथेही ती सुरू झाली नाही तर दोष डिस्कचा, आणि लॅपटॉपच्या मांडण्यांना हात लावण्याचे कारण उरत नाही. तिथे ती चालली तर मग निवडसूची. सूचीत ड्राइव्हचे नावच नसेल तर जोडणी वा ड्राइव्ह गेला. यूएसबीने जोडलेला बाहेरचा ड्राइव्ह असेल तर 'फास्ट बूट' बंद करावे, कारण घाईत सुरू होणारे यंत्र यूएसबी साधने पूर्ण जागी होण्याची वाट पाहत नाही. नाव दिसते पण निवडल्यावर यंत्र परत फिरते, तर डिस्कचे वय पाहावे : जुनी असेल तर लेगसी, नवी असेल तर यूईएफआय. सिक्युअर बूट अगदी शेवटी, आणि तेही एका सावधगिरीने : विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असल्यास ही मांडणी बदलताच पुढच्या वेळी ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते. ती आधी शोधून कागदावर उतरवून ठेवावी. ती नसेल तर लाइव्ह डिस्कवरूनही फायली उघडणार नाहीत. हार्ड डिस्कमधूनच खडखड आवाज येत असेल, तर मात्र सगळे प्रयोग थांबवून यंत्र बंद करावे आणि वणीची वाट धरावी.

डिस्क काही केल्या चालली नाही तर तीच आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर लिहिता येते, आणि इथे एक जुना रिकामा भूखंड कामी येतो. १९८८ च्या प्रमाणाने डिस्कच्या आरंभी सोळा खंड मोकळे सोडले होते. आजच्या अनेक लिनक्स आयएसओ फायलींत त्या मोकळ्या जागेत हार्ड डिस्कसारखा पहिला खंड लिहिलेला असतो, त्याच जुन्या '५५ एए' मुद्रेसह. म्हणून एकच फाइल डिस्कवरही चालते आणि पेन ड्राइव्हवरही.

ज्यांना हात काळे करायची हौस आहे त्यांनी अशी एखादी फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडावी. १७ गुणिले २०४८, म्हणजे ३४,८१६ व्या बाइटापाशी जावे. तिथून सात बाइट पुढे, इतक्या वर्षांनंतरही, त्या खानावळीचे नाव रोमन अक्षरांत लिहिलेले आढळेल.